हलत्या हाताचे साचे

थोरलीने उमेदीची वर्षं लोकांच्या जबड्यांत घालवली. कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. दंतवैद्याकडून जबड्याचा ठसा यायचा, थोरली त्यात प्लास्टर ओतायची, घट्ट झालं की सोलून काढायची, आणि टेबलावर कुणा अनोळखी माणसाच्या हिरड्या हजर व्हायच्या. रस्त्यात कुणी हसलं तर तिला आधी दात दिसायचे, मग माणूस. पुढे तोंडातला फोटो काढून परस्पर कवळी कापणारी यंत्रं आली, प्रयोगशाळेला टाळं लागलं आणि पन्नाशीच्या आसपास थोरली घरी बसली.

घरी बसली म्हणजे टेकली तेवढीच. 'थोरली' हे काही तिचं नाव नव्हे. दोनच भावंडं, ही थोरली आणि तो धाकटा, आणि शेजारपाजाऱ्यांनीही तीच नावं उचलली होती. धाकट्याचं त्याच्या घराखालीच पेनांचं वर्कशॉप होतं. रंगीत रेझिन कशात तरी ओतायचं, दगडासारखं झालं की दांडा बाहेर काढायचा आणि लेथवर चढवून त्याचं पेन करायचं. पेनं सुरेख व्हायची, पण साच्यांच्या नावाने बोंब होती. प्लास्टिकचे डबे, नळाचे तुकडे, हाताला लागेल त्यात तो ओतायचा आणि मग दांडा निघावा म्हणून हातोडी घेऊन बसायचा. थोरली एकदा सहज डोकावली, तर साहेब एक नळी करवतीने उभी चिरत होते.

"हे काय चाललंय? बाळंतपण?"

"ताई, निघतच नाही गं."

"निघेल कसा? प्लास्टिकला मिठी मारून बसलाय तो. अरे, आमच्याकडे यायचे ते ठसे सिलिकॉनचे असायचे. रबरासारखं वाकतं आणि रेझिनला धरून ठेवत नाही. सोललं की मोकळं. ते आण, मी देते साचा करून."

तिने करून दिला. मग दुसरा दिला. मग खिडकीजवळचं टेबल तिचं झालं आणि भावाबहिणीची जोडी जमली ती जमलीच.

साच्याचं काम सोपं वाटतं, तसं ते नाही. आधी नमुना लागतो, म्हणजे जसा दांडा हवा तशीच एक चौकोनी किंवा गोल कांडी. ती घासून आरशासारखी करावी लागते, कारण सिलिकॉन पक्कं चुगलखोर. नमुन्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी ते साच्यात उतरवणार आणि साचा तो पुढच्या प्रत्येक दांड्याला सांगणार. कांड्या पेटीत उभ्या-आडव्या चिकटवायच्या, सिलिकॉनच्या दोन बाटल्यांतला माल मापाने एकत्र करायचा आणि ढवळायचा. "भांडल्यासारखं ढवळू नकोस, समजूत घातल्यासारखं ढवळ," असं ती धाकट्याला बजावायची. मग पंपाने त्यातली हवा ओढून घ्यायची आणि पेटीच्या एका कोपऱ्यात दोऱ्यासारखी बारीक धार धरायची. बाकीची पेटी ते आपलं आपण, सरपटत भरतं. धाकटा रेझिन हवेच्या दाबाच्या भांड्यात घट्ट करायचा, म्हणून थोरली साचाही त्याच भांड्यात ठेवायची. नाहीतर रबरात लपलेला बुडबुडा दाबाखाली चेपतो आणि दांड्याला पुटकुळ्या येतात.

दुरुस्तीही तिचीच. साचे कोपऱ्यात फाटतात. कुठला साचा कुणी ओढून काढला हे ती फाटलेल्या जागेवरून सांगायची आणि बहुतेक वेळा ते धाकट्याचंच कर्तृत्व असायचं. फाटलेली चीर ती ब्लेडने आणखी रुंद करायची, स्पिरिटने पुसायची, ताजं सिलिकॉन भरायची आणि वर गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा दाबून ठेवायची. नवं सिलिकॉन जुन्याला असं धरतं की पुढे जोड शोधून सापडत नाही. टाकून द्यायचे साचे तिच्या हाताखालून जाऊन वर्षानुवर्षं चालले.

आणि मग तो हातच हलायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते चहाच्या कपाने. कप बशीवर ठेवताना खडखड वाजला. थोरलीने बशीकडे पाहिलं, मग हाताकडे. हात मांडीवर ठेवला की शांत. काही उचलायला, धरायला, ओतायला गेलं की थरथर सुरू. तिने चार लोकांना विचारत बसण्याचा घोळ घातला नाही. तिला ते पाहिल्याबरोबर ओळखू आलं होतं.

वडिलांचा हात असाच हलायचा. हिशेबनीस माणूस, मोत्यासारखं अक्षर. हात हलायला लागल्यावर त्यांनी आधी लोकांसमोर चहा सोडला. मग सही करणं टाळायला लागले. मग चारचौघांत जाणंच सोडलं. कुणी घरी आलं तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, जणू ते हात त्यांनी कुठून चोरून आणले होते. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. नुसत्या लाजेपायी एक धडधाकट माणूस खुर्चीत संपला. थोरलीला त्यांची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. त्यांच्यावर नाही, समोर बसून त्या हातांकडे बघणाऱ्यांवर.

डॉक्टरांनी तिला कागदावर गोल काढायला लावला. तिने काढला तो बटाटा झाला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला वाटत असेल तो कंपवाताचा मोठा आजार नाही हा. हे घराण्यात असतं."

"घराण्याचं दुसरं काही माझ्या वाट्याला आलं नाही, हे बरं आलं."

डॉक्टर हसले. "गोळ्या देतो, थोडा फरक पडेल. धारदार हत्यारं, बारीक काम टाळा. आता आराम करा, नातवंडांशी खेळा."

"नातवंडं नाहीत मला."

"मग काय आहे?"

"साचे आहेत," थोरली म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

गोळ्यांनी हात थोडासा निवला आणि डोकं पार निवलं. भरदुपारी टेबलावर मान टाकून झोपायची वेळ आली, तेव्हा ती परत जाऊन डॉक्टरांशी भांडून गोळी कमी करून आली. हात हलला तर हलला, पण जागेपणी हलू दे, असं तिचं म्हणणं.

वर्कशॉपमध्ये ती आता कोपर टेबलाला टेकवून काम करायची. बरंच जमायचं, पण एकदा नाही जमलं. पेटीत सिलिकॉन ओतताना मनगटाला झटका बसला, भांड्याची कड एका कांडीला लागली आणि कांडी कलली. तिला ते दिसलंच नाही. साचा सुटला तेव्हा त्याची एक भिंत कागदाएवढी पातळ निघाली. धाकट्याने घाईत त्यातच ओतलं. भिंत फुगली, दांडे वाकडे आले आणि एका जोडप्यासाठी घेतलेलं जोडीच्या पेनांचं काम वाया गेलं.

धाकटा काही बोलला नाही. वाकडे दांडे त्याने गुपचूप कचऱ्यात टाकले आणि लेथ सुरू केला. तो ओरडला असता तर थोरलीने उलट ओरडून जीव मोकळा केला असता. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

त्यानंतर काही दिवसांनी ती सकाळी कामावर आली, तर तिच्या टेबलावर एक खोकं. तिने उघडलं. आत साचे होते, फिकट निळे, बाहेरून मागवलेले तयार साचे. एकेक बाहेर काढून तिने उजेडात धरला, वाकवून पाहिला, बोट आत घालून कडा तपासल्या. भिंती एकसारख्या, तळ सपाट, पृष्ठभाग काचेसारखा. खोट काढायची तिची फार इच्छा होती. साचे चांगले होते, आणि तेच तिला झोंबलं.

मागून धाकटा आला. थोरलीच्या हातातला साचा बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"अगं, तुझ्यासाठीच ना. किती राबशील? आयुष्यभर राबलीस. आता जरा आराम कर."

"डॉक्टरने आणि तू ठरवून घेतलंत का रे? दोघांच्या तोंडात एकच शब्द."

वर घरातून धाकट्याची बायको खाली आली. स्वभावाने गरीब बाई. तिला भांडण दिसलं की ते मिटवायला मधे पडायची सवय होती, आणि ती मधे पडली की भांडण वाढायचं.

"वन्सं, तुम्ही यायचं बंद करा असं कुठे म्हणतोय आम्ही? या ना रोज. नुसत्या बसा इथे, गप्पा मारू. टेबलावर मी पेनांच्या डब्या ठेवीन म्हणते."

"नुसती बसायला मी काय फुलदाणी आहे?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. आधी टेबल, मग खुर्ची, मग मला उचलून माळ्यावर." ती धाकट्याकडे वळली. "माझ्या हातून एक साचा बिघडला. तुझ्या हातून किती फाटले? मी तुला कधी आराम करायला सांगितलं?"

धाकटा खाली बघत म्हणाला, "ते वेगळं आहे, ताई."

"काय वेगळं आहे, बोल की."

धाकट्याने लेथवरचा भुसा झटकायला घेतला. थोरलीने कापडी पिशवी घेतली आणि टेबलाखालच्या खणातून आपले नमुने काढायला लागली. घासून घासून चकचकीत केलेल्या सगळ्या कांड्या, चौकोनी, गोल, जाड, बारीक. साचे तिने तिथेच ठेवले. ते वर्कशॉपचे होते. नमुने तिचे होते. पिशवीतल्या कांड्या हाताबरोबर किणकिणत होत्या आणि ती पायरीकडे निघाली तसा तो आवाज वाढला. धाकटा पिशवी घ्यायला पुढे झाला.

"दे, मी पोचवतो."

"हात लावू नकोस. वाजू दे."

घरी नवरा गॅलरीत आरामखुर्चीवर पाय पसरून पडला होता. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तीसेक वर्षं लोकांना वेळेवर पोचवलं, आता मला कुठे पोचायचं नाही, असं तो सांगायचा.

"अहो, गॅलरी रिकामी करा."

"का? काय झालं?"

"माझं वर्कशॉप होणार आहे इथे."

"आणि माझी खुर्ची?"

"तुमच्यासकट आत."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न न विचारता खुर्ची घडी करून आत नेली. इतक्या वर्षांच्या संसारात कुठल्या वळणावर हॉर्न वाजवायचा नसतो एवढं त्याला समजलेलं होतं.

गॅलरीतला पहिला साचा पेटीत कमी आणि फरशीवर जास्त झाला. दुसऱ्यात बुडबुडे. तिसऱ्याच्या वेळी भांडं हातातून सुटलं आणि नवऱ्याच्या चपलेवर पडलं. चपलेचा मात्र उत्तम ठसा निघाला. थोरली चपलेकडे बघत खाली बसली आणि तिने प्रयोगशाळेत शिकलेल्या सगळ्या शिव्या एका दमात हासडल्या.

नवरा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तिचा दम संपल्यावर म्हणाला, "घाटात ब्रेक गेला तर काय करतात, ठाऊक आहे?"

"उडी मारतात."

"प्रवासी मारतात. ड्रायव्हर गाडी गियरवर घेतो. ब्रेकवर पाय आपटत बसला तर मेला. गेलेल्या ब्रेकचा नाद सोडायचा आणि उरलेल्या गाडीनिशी खाली उतरायचं."

थोरली लगेच हो म्हणणाऱ्यांतली नव्हती. "बसमधलं मला सांगू नका," असं म्हणून तिने फरशी पुसायला घेतली. पण पुसता पुसता तिचं डोकं चालू झालं. ती आजवर हात स्थिर करायच्या मागे लागली होती. कोपर टेकव, मनगट दाब, श्वास धर. जेवढं धरावं तेवढा हात जास्त उसळायचा. मुळात धार धरायला हात हवाच कशाला?

तिने कागदी पेल्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यावर चिकटपट्टी लावली आणि नवऱ्याकडून लोखंडी सळीचं एक उभं स्टँड करून घेतलं. पेला स्टँडच्या कडीत बसवायचा, खाली पेटीचा कोपरा आणायचा, पेल्यात सिलिकॉन भरायचं आणि पट्टी ओढायची. भोकातून धार पडली. बारीक, सरळ, न हलणारी. दोघं नवराबायको त्या धारेकडे असे बघत उभे राहिले की शेजारीण कठड्यावरून वाकून काय पडतंय ते बघायला लागली.

मग ब्लेड. हातात ब्लेड धरून चीर कापणं आता धोक्याचं होतं, दोन बोटांना पट्ट्या होत्याच. तिने ब्लेड लाकडाच्या ठोकळ्यात पक्कं बसवलं आणि साचाच त्यावर सरकवायला घेतला. कांड्या पेटीत चिकटवताना वजनाने उसळी कमी व्हावी म्हणून मनगटावर वाळूची लहानशी पुरचुंडी. आणि पेटी भरल्यावर बुडबुडे वर यावेत म्हणून ती टेबलाची कड हाताने नुसती घट्ट धरून उभी राहायची.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"लोक यासाठी थरथरणारं टेबल विकत घेतात. माझं घरचं आहे."

सगळंच जमलं असं नाही. फार बारीक नक्षीचे साचे तिने सोडले. रोजचं काम दुप्पट वेळ खायला लागलं. काही दिवस हात इतका उसळायचा की ती पट्टी ओढायचीसुद्धा नाही, नमुने घासत बसायची. घासायला थरथर आड येत नाही.

काम मिळालं ते फाटक्या साच्यांचं. पेनवाल्यांना माल विकणारा रेझिनवाला तिचा जुना ओळखीचा. ती त्याच्या दुकानात गेली आणि काउंटरवरून हात पुढे धरून म्हणाली, "तुमच्याकडे येणाऱ्यांना सांगा, साचा फाटला तर टाकू नका. माझ्याकडे पाठवा." रेझिनवाला तिच्या हाताकडे बघत राहिला. "बघून झालं का?" तिने विचारलं. "आता सांगा, पाठवता की नाही?" त्याने पाठवले. घरच्या घरी हौसेने दांडे ओतणारी माणसं गावोगाव होती आणि कोपऱ्यातून ओढून साचा फाडण्याची हौस सगळ्यांना सारखीच होती. निळे तयार साचेही यायला लागले. ते मूळचे चांगले होते, म्हणून ती ते जास्त जपून दुरुस्त करायची.

धाकट्याकडे जाणंयेणं तुटलं नव्हतं. तो यायचा, चहा प्यायचा, गॅलरीच्या दाराकडे पाठ करून बसायचा. थोरलीने चहा आणला की तो चटकन उठून कप तिच्या हातातून काढून घ्यायचा. तिला त्याचा भयंकर राग यायचा.

असं वर्षभर चाललं. मग रेझिनवाल्याने आपल्या दुकानावरच्या दालनात पेन करणाऱ्यांचा एक मेळावा भरवला. टेबलांवर पेनं मांडलेली, भिंतीशी खुर्च्या, पुढे एक मोठं टेबल. तिथे धाकटा दांडे ओतून दाखवणार आणि त्याच्या आधी थोरली साचा करून दाखवणार असं रेझिनवाल्याने ठरवलं होतं. थोरली स्टँड, पेले, पेटी सगळं नवऱ्याच्या काखेत देऊन आली. अंगावर ठेवणीतली साडी, वर कामाचा एप्रन.

रेझिनवाला धाकट्याला म्हणाला, "तुमच्या बहिणीची ओळख तुम्हीच करून द्या."

धाकटा उभा राहिला. "ही आमची ताई," तो म्हणाला. "मी आज जो काही आहे तो हिच्यामुळे. माझ्याकडचे सगळे साचे हीच करायची. फार सुंदर साचे करायची."

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, तेवढ्यात थोरलीचा आवाज आला.

"करायची नाही. करते."

उचललेले हात खाली आले. धाकट्याचे कान लाल झाले. थोरली टेबलामागे जाऊन उभी राहिली.

"माझा हात हलतो," ती सगळ्यांना म्हणाली. "मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर पुढे या. पोटभर बघून घ्या, म्हणजे नंतर कामाकडे बघाल."

आणि तिने हात वर धरला. तो हलत होता, नेहमीपेक्षा जास्तच, कारण माणसं बघत होती. कुणी मान खाली घातली, कुणी उगाच खोकलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र खरंच खुर्ची पुढे ओढून बसली आणि नीट बघून घेतलं.

मेळाव्यासाठी तिने लवकर घट्ट होणारं सिलिकॉन आणलं होतं. ते लवकर घट्ट होतं म्हणजे चुकायला वेळही देत नाही. ती दोन्ही बाटल्या मापून ढवळायला लागली. काठीने भांड्याला टकटक टकटक ताल धरला. पेल्यात ओतायच्या वेळी हाताने उसळी घेतली आणि बरंचसं टेबलावर सांडलं. त्याबरोबर कोटातला एक गृहस्थ उठला. भला माणूस असणार. टेबलाशी येऊन त्याने थोरलीचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"बाई, राहू द्या. मी धरतो ना."

धाकटा अर्धवट उठला. नवरा मात्र भिंतीला टेकून तसाच उभा राहिला.

"सोडा," थोरली म्हणाली.

"अहो, मदत..."

"मदत मागितली की करा. हा माझा हात आहे. हलला तरी माझाच आहे. सोडा आधी."

गृहस्थाने हात सोडला, पण जाऊन बसायचं त्याला सुचेना. थोरलीने त्याच्या हातात एक फडकं दिलं. "आता मागते. ते सांडलेलं पुसा." दालनात हशा पिकला. गृहस्थही हसला आणि टेबल पुसायला लागला. थोरलीने उरलेला माल पेल्यात घेतला, पट्टी ओढली आणि धार पेटीच्या कोपऱ्यात पडायला लागली. पेटी भरल्यावर तिने टेबलाची कड घट्ट धरली. बुडबुडे एकेक वर येऊन फुटले.

घट्ट होईपर्यंत लोक पेनं बघत फिरले. मग तिने पेटीच्या भिंती काढल्या, साचा वाकवून कांड्या बाहेर ढकलल्या आणि उजेडात धरला. एका पोकळीच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढं भोक होतं. हवा अडकली होती. ते तिच्याशिवाय कुणालाही दिसलं नसतं.

"हे बघा," तिने साचा सगळ्यांसमोर धरला. "इथे चुकलंय. आता दुरुस्ती दाखवते."

आणि तिने तीही दाखवली, सावकाश, ठोकळ्यातल्या ब्लेडवर साचा सरकवत, अधेमधे थांबत. पुढे ओढलेल्या खुर्चीतल्या म्हातारीने एवढे प्रश्न विचारले की धाकट्याच्या ओतण्याला उशीर झाला.

सामान गाडीत ठेवताना धाकटा मागे आला. थोरली मुद्दाम त्याच्याकडे न बघता पेले एकात एक घालत होती.

"ताई, चुकलं माझं. 'करायची' म्हणालो ते."

"ते तोंडातून गेलं. टेबलावर खोकं ठेवलंस ते तोंडातून गेलं नव्हतं."

तो गाडीच्या दाराची कडी चाळवायला लागला. मग म्हणाला, "तुझ्या हाताकडे बघितलं की मला बाबा दिसतात. आणि मग मी माझा हात बघतो. रोज सकाळी लेथ सुरू करायच्या आधी, बोटं पसरून बघतो. तुला तिथे रोज समोर बघणं मला झेपेना गं. म्हणून आणले साचे. तुझ्या साच्यांत काही खोट नव्हती."

थोरलीने हातातले पेले खाली ठेवले. हे तिला सुचलंच नव्हतं. त्याची भीती तिने कीव समजून वर्षभर मनात धुमसत ठेवली होती. वाईट वाटलं, पण म्हणून तिने सगळं सोडून दिलं असं नाही.

"मग हे सांगायचंस. तुला भीती वाटत होती म्हणून मला का उठवलंस?"

"चुकलं."

"चुकलंच. दाखव हात."

त्याने हात पुढे केला. दिव्याखाली दोघांनी बघितला. स्थिर होता.

"आज तरी नाही," थोरली म्हणाली. "उद्याचं मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण हात मांडीखाली घालून बसलास तर मी येऊन तुला खुर्चीवरून ढकलीन. लहानपणी ढकलायची तशी."

"टेबल रिकामं करतो मी. परत ये."

"नाही येणार," ती म्हणाली. "गॅलरीत माझं बस्तान बसलंय. फाटके साचे पाठव. लवकर हवे असतील तर ओढताना जरा अक्कल वापर."

धाकटा पाठवायला लागला. घाई करून चालत नसे. त्याच्या आधी कुणाचं काम आलेलं असेल तर थोरली त्याचे साचे सरळ खाली सरकवायची, आणि धाकट्याच्या बायकोने फोन करून "वन्सं, घरचंच आहे ना" म्हटलं की "म्हणूनच थांबा" असं उत्तर मिळायचं. चहा ती आता मोठ्या मगमध्ये अर्धाच भरून द्यायची आणि धाकटा तो टेबलावर येईपर्यंत जागचा हलायचा नाही. ओठ दाबून बसायचा, पण बसायचा.

हात पुढे वाढतच गेला. डाव्यातही आला. थोरली बँकेत सहीऐवजी अंगठा देते आणि कारकुनाने "शिकलेल्या दिसता, मग अंगठा का?" असं विचारलं, तर संबंध रांगेला ऐकू जाईल असं कारण सांगते. साचे पूर्वीपेक्षा कमी होतात, पण होतात. परवा एका अनोळखी माणसाचा फोन आला. नवऱ्याने तो तिच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात कामात होते.

"तुम्हीच साचे दुरुस्त करता ना? नाही, म्हणजे, तुमचे हात थरथरतात असं कुणीतरी बोललं. काम नीट होईल ना?"

"साचा पाठवा. नीट झाला नाही तर माझ्या दारात येऊन भांडा, मला आवडतं भांडायला," थोरली म्हणाली. "आणि आता ठेवा फोन. माझं सिलिकॉन घट्ट व्हायला लागलंय."